होतकरू शमनांसाठी: मुक्काम कास रोड

आयटीतून मोकळे झालात (की केले गेलात, ते तुमचं तुम्हाला ठाऊक). यवतेश्वरचा घाट चढून वर गेलं की वडिलोपार्जित दीड एकर आहे, त्यावर चार तंबू ठोकलेत. फुलांचा हंगाम असतो तोवर पुण्या-मुंबईची गर्दी कासला येते आणि तंबू भरतात. दिवाळी उलटली की गवत, वारा आणि बँकेचा हप्ता. नाउमेद होऊ नका. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरवाल्यांना लावू दे. तुम्ही शमन व्हा.

शमन म्हणजे तिकडचा, मेक्सिको-ॲमेझॉनकडचा, भास घडवणारी अळंबी नाहीतर काढा घेऊन विधी करणारा देवऋषी, पण हे कुणापाशी बोलायचं नाही. उलट गावच्या देवऋष्याशी असलेली ओळख आधी तोडायची. लहानपणी तुम्हाला ताप उतरेना म्हणून आजी त्याच्याकडे घेऊन गेली होती. अंथरलेलं घोंगडं, समोर सूप, चिमटीत येतील तेवढे तांदूळ उचलून तो दोन-दोन करत बाजूला सारायचा, आणि शेवटी एक दाणा उरला की बाहेरची बाधा. हे थोतांड आहे म्हणून कॉलेजात गेल्यावर तुम्ही आजीशी भांडलात, ते बरोबरच केलंत. आता मेक्सिकोत, ओआहाका राज्यातल्या डोंगरात, माझातेक लोकांचे वैद्य मक्याचे दाणे टाकून आजाराचा कौल घेतात. ते मात्र प्राचीन ज्ञान. दोन्हींत फरक काय असं कुणी विचारलंच, तर सांगा, तिकडं जायला विमान लागतं.

तंबूत गुरू म्हणून गॉर्डन वॉसनचा फोटो लावा. न्यूयॉर्कच्या बड्या बँकेचा हा उपाध्यक्ष. १९५५ च्या जूनअखेरीस तो उआउत्ला दे हिमेनेस या माझातेक गावात मारिया सबिना या बाईकडे एका रात्रीच्या विधीला बसला. तिच्याकडचा रिवाज साधा होता: घरात कुणी आजारी असेल तर अळंबी खायची, एरवी नाही. तीही पावसाळ्यातच उगवणार. देव्हाऱ्यात कॅथलिक संतांच्या तसबिरी, मेणबत्त्या, कोपलचा धूप. अळंबी जोडी-जोडीनं खायची, मग दिवे मालवायचे आणि उजाडेपर्यंत बाई गात राहणार. त्या गाण्यातच ती आजाराचं मूळ शोधणार. वॉसनच्या घरी आजारी कुणी नव्हतं. मग त्यानं परगावी असलेल्या मुलाच्या खुशालीची काळजी पुढं केली. आत शिरायला निमित्त लागतं, हा तुमचा पहिला धडा.

दुसरा धडा १९५७ चा. 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकात वॉसननं सगळं सविस्तर लिहिलं. बाईला त्रास नको म्हणून तिचं नाव बदललं आणि शेजारी तिचे फोटो छापले. याला म्हणतात खबरदारी. पुढं जे व्हायचं तेच झालं. गाव शोधत लोक आले, त्यांच्यामागून हिप्पी आले, त्यांच्यामागून पोलीस आले. गावकरी बाईवर उलटले, तिचं घर जळलं. १९६९ साली सरकारला लष्कर पाठवून हिप्पींना तिथून हुसकावून काढावं लागलं. परके आले तेव्हापासून अळंब्यांतली ताकद गेली, असं म्हातारी पुढं सांगायची. १९८५ मध्ये ती गेली, गरिबीतच. तिचा फोटो माहितीपत्रकावर बिनधास्त वापरा, पैसे मागायला कुणी येणार नाही.

तिची एक गोष्ट मात्र पाहुण्यांना सांगू नका, धंद्याला बाधते. आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये त्या अळंब्यांतलं भास घडवणारं द्रव्य, सायलोसायबिन, वेगळं काढलं आणि १९६२ साली त्याच्या गोळ्या घेऊन तो तिच्याकडे गेला. बाईनं गोळ्या घेतल्या, रात्र जागवली आणि निर्वाळा दिला की हे तेच आहे. वर आनंदानं म्हणाली की आता अळंबी नसतील तेव्हाही माणसं बरी करता येतील. काय करावं या बाईला! अख्खं जग ब्रह्मांड बघायला निघालंय आणि ही अजून पेशंट मोजतीये.

आता आयावास्का. ॲमेझॉनमधली एक वेल आणि एका झुडपाची पानं एकत्र उकळून केलेला काढा. पानांत डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असतं, पण नुसती पानं खाल्ली तर पोटातली विकरं त्याचा तिथल्या तिथं निकाल लावतात. वेलीतली द्रव्यं त्या विकरांना अडवून धरतात, म्हणून दोन्ही एकत्र. हजारो वनस्पतींच्या त्या जंगलात ही जोडी त्या लोकांनी जुळवली कशी, याचं मला खरोखर कौतुक आहे. पण कौतुकानं तंबू भरत नाहीत. तिथं बऱ्याच ठिकाणी जुना रिवाज असा की काढा वैद्यानं प्यायचा आणि रोग्यानं पडून राहायचं. हा रिवाज ताबडतोब मोडा. वीस जण आले तर वीस जणांनी प्यायला हवा, नाहीतर पैसे कशाचे घ्यायचे? उलट्या होतात, पण त्याला 'शुद्धी' म्हणायचं आणि प्रत्येकाला एकेक बादली द्यायची. बादल्या बाजारातून घाऊक आणा, सगळ्या एकाच रंगाच्या, म्हणजे विधी वाटतो. आधी काही दिवस मीठ, तिखट, मांस बंद ठेवायचं पथ्य असतं. ते पाळायला सांगू नका, आपल्याकडचा माणूस तिसऱ्या दिवशी वडापावच्या गाडीवर सापडेल.

पाहुण्यांत सांगलीचा कुणी असेल तर पेटंटचा विषय काढू नका. त्याच वेलीच्या एका वाणावर १९८६ साली एका अमेरिकनानं पेटंट काढलं. ॲमेझॉनच्या आदिवासी संघटना भांडल्या, १९९९ मध्ये ते रद्द झालं आणि २००१ मध्ये पुन्हा जिवंत झालं. हळदीचं अमेरिकन पेटंट भारतानं १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, तेव्हा हळदीच्या पेठेतला हा माणूस गावभर सांगत सुटला होता. तो हिशेबाचा पक्का. वेल त्यांची, गाणी त्यांची, मग या वीकेंडच्या पैशांतले त्यांना किती, असं भर बैठकीत विचारून बसेल.

पेयोटी या, तसेच भास घडवणाऱ्या, निवडुंगाच्या वाटेला जाऊच नका. तो वाढायला दहा-दहा वर्षं घेतो, तेवढा तुमचा हप्ता थांबणार नाही. शिवाय मेक्सिकोतले विशारिका लोक त्यासाठी विरिकुताच्या वाळवंटात यात्रेला निघतात, तेव्हा आधी सगळ्यांदेखत आपापल्या भानगडींची कबुली देतात. प्रत्येक भानगडीची दोरीला एक गाठ, आणि मग ती दोरी विस्तवात. आपल्याकडे नवरा-बायको जोडीनं येतात, दोरी पुरायची नाही.

शास्त्रीय आधार लागतोच, तेव्हा या द्रव्यांवरच्या परदेशी संशोधनाचं नाव अधूनमधून घेत जा. पण तिथं आधी माणसाची तपासणी होते, घराण्यात कुणाला वेड लागलं होतं का ते विचारून तशांना सरळ घरी पाठवतात, मात्रा मोजून देतात आणि परिणाम ओसरेपर्यंत प्रशिक्षित माणसं शेजारी बसून राहतात. ते सगळं गाळा. कुणी नैराश्याच्या गोळ्या घेतंय का हे तर अजिबात विचारू नका, कारण आयावास्काबरोबर त्यातल्या काही गोळ्या जिवावर बेततात आणि निम्मं बुकिंग तिथंच गळेल. माल कुठून आणायचा ते मी सांगणार नाही. फक्त बांधावरची कुत्र्याची छत्री उपटून आणू नका. काही विषारी जातींत उलट्या थांबतात, माणसाला उतार पडल्यासारखा वाटतो आणि मग दोन-तीन दिवसांनी यकृत बसतं. तोवर पाहुणा पुण्याला पोचून चांगला अभिप्राय लिहून मोकळा झालेला असतो हे खरं, पण त्याच्या घरच्यांनी केलेल्या चाळीस फोनांतला एखादा तुम्हाला लागतोच.

कायद्याचं म्हणाल तर सायलोसायबिन, डीएमटी आणि पेयोटीतलं मेस्कलिन, तिन्ही १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात बसतात. माहितीपत्रकात त्यांना 'वनस्पती-माता' म्हणा, फौजदारांना कवितेची आवड असेल तर सुटाल. त्यात गाव सातारा, दाभोलकरांचं. इथं त्यांचं व्यसनमुक्ती केंद्र होतं, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो २०१३ मध्ये, त्यांच्या खुनानंतर आला. त्या कायद्याच्या भीतीनं तुमच्या गावच्या देवऋष्यानं दारावरची पाटी उतरवली. तुम्ही तुमची इंग्रजीत लावा.

राहता राहिली रात्रीची अडचण. पहाटे तीनच्या सुमाराला एखादा पाहुणा तंबू फाडून दरीकडे धावत सुटेल. कास रोडला तेव्हा रेंज नसते आणि धुकं असतं. चौघांनी धरून त्याला गाडीत घाला आणि घाट उतरून साताऱ्यात आणा. अपघात विभागातला डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारून पहिलं हेच विचारेल, काय पोटात गेलंय? मिसळ म्हणून सांगा. तो ऐकून घेईल आणि पुन्हा तेच विचारेल. पाहुण्याच्या आईला फोन लावायचं काम तुमचं नाही, ते व्हॉलंटियरकडे द्या.