'उद्योग' म्हणणाऱ्या पालकांना

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी खुलभर दुधाची कहाणी चार-पाच वर्षांच्या मुलांना कशी सांगते, ते इथं लिहिलं होतं. त्यावर 'एक पालक' अशी सही करून तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया टाकलीत. ती मी रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली, आणि आता हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर लिहितेय.

आधी माझी चूक. २०१९ च्या पुरानंतर आमच्या सांगलीच्या गावभागात पुन्हा पाणी शिरलं ते वर्ष मी २०२० लिहिलं होतं. ते २०२१ हवं होतं. तुमचं बरोबर आहे, लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं ते वाक्य, जसंच्या तसं: 'गोष्टी सांगून मुलं चांगली होत नसतात बाई, घरात जे बघतात तेच उचलतात, बाकी हा सगळा वेळ घालवायचा उद्योग.'

बालवाडीत २६ वर्षं मला पोरं बाई म्हणत आली. आजही मारुती चौकात मिशा फुटलेला एखादा पोरगा गाडी थांबवून 'बाई, ओळखलं का?' विचारतो, तेव्हा त्या शब्दानं माझा दिवस चांगला जातो. तुमच्या वाक्यातला 'बाई' तो नाही. घरातल्या बाईमाणसाला गप्प करताना पुरुष जो लावतात, तो हा आहे. तुम्ही पुरुष आहात की नाही मला ठाऊक नाही, पण सूर मी ओळखते. मतभेद असावेत, जरूर असावेत. पण तुम्ही मला एक प्रश्नही विचारला नाहीत, सरळ निकाल देऊन मोकळे झालात.

आणि 'घरात जे बघतात तेच उचलतात' हे तुम्ही इतक्या खात्रीनं कसं लिहिलंत? मी हरिपूरची. वडील हळदीच्या पेवांवर हमाल होते. पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड उघडलं की आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग कंदील सोडून बघायचा, तो जळत राहिला तरच माणूस खाली उतरायचा. त्या कामावरून वडील पिऊन घरी यायचे. आईवर हात उचलायचे. दारात कुणी भाकरी मागायला आलं तर अंगावर धावून जायचे. हे मी रोज बघितलं. तुमच्या नियमानं मी तेच उचलायला हवं होतं.

घरात आजी होती. तिच्याही हातात काही नव्हतं, मुलापुढं तिचं चालत नव्हतं. पण चुलीपुढं बसून ती कहाणी सांगायची. राजानं दवंडी पिटली, महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा. लोकांनी घरातलं सगळं दूध नेऊन ओतलं, वासरांना ठेवलं नाही, पोरांना ठेवलं नाही. इथं आली की आजी वासराचं हंबरणं काढायची, अगदी हळू. मी उठून गोठ्यातल्या करडाकडं बघून यायचे. मग ती म्हातारी यायची, पोरंबाळं, वासरं सगळ्यांचं पोट भरून उरलेलं खुलभर दूध घेऊन. आमच्या घरात चालतं त्याहून वेगळं कुणी वागू शकतं, हे मला त्या म्हातारीनं दाखवलं. दुसरं कुणी दाखवणारं नव्हतं.

ज्या घरात बघण्यासारखं आहे, तिथल्या लेकरांचं ठीक आहे. माझ्याकडं येणाऱ्या सगळ्यांच्या घरी तसं नसतं. त्या मुलांना काय सांगू, घरात बघा आणि तेच करा? याचं उत्तर तुमच्या प्रतिक्रियेत मी दोनदा शोधलं.

तुम्हाला वाटतं, मी गोष्ट सांगते आणि शेवटी 'म्हणून मुलांनो, दुसऱ्याला मदत करावी' असं म्हणते. तुम्ही लेख नीट वाचलेला नाही. तात्पर्य मी कधीच सांगत नाही. तात्पर्य सुरू झालं की पोरं चुळबुळायला लागतात, आणि त्यांचं बरोबर असतं. मी गाभारा भरत नाही तिथं थांबते आणि विचारते, का भरत नसेल? एक म्हणतो, खाली भोक आहे. दुसरा म्हणतो, उंदीर पितायत. सगळी उत्तरं ऐकून घ्यायची, एकालाही 'चूक' म्हणायचं नाही. केव्हातरी कोपऱ्यातून येतं, 'बारकी रडतायत म्हणून.' कधी येतच नाही. मग पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट. चिऊताईच्या गोष्टीतही तसंच. बाहेर कावळा भिजतोय आणि ही आत बाळाला तीट लावतेय, पावडर लावतेय. मी विचारते, दार कधी उघडायला हवं होतं? यावर पोरं अक्षरशः भांडतात. त्या भांडणात एखादं मूल थोडा वेळ कावळा होऊन बाहेर उभं राहतं. मला तेवढंच हवं असतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे, हे तुम्ही सांगलीचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. आम्ही एका शाळेच्या हॉलमध्ये होतो. गावोगावच्या बायकांनी भाजलेल्या भाकऱ्या टेम्पोतून यायच्या, मोठी माणसं त्या वाटपात, आणि पोरं भेदरलेली. मी त्यांना जमवून हीच कहाणी काढली. वासरापाशी आल्यावर कर्नाळ रोडकडचं एक पोरगं म्हणालं, 'दावं सोडलं की म्हैस कुठं जाते?' त्यांची म्हैस पाण्यात सोडून दिली होती. माझ्याकडं उत्तर नव्हतं. गोष्ट तिथंच राहिली. दोन दिवस आपल्या सतरंजीवर कुणाला बसू न देणारी एक मुलगी तेवढ्यात सरकली आणि त्याला म्हणाली, 'हितं ये.' मी तिला सरक म्हणाले नव्हते. तुम्ही याला योगायोग म्हणाल. म्हणा. मी तिथं होते, तुम्ही नव्हता.

तुम्ही कर्मवीर भाऊरावांचा दाखला दिलात. त्यांनी गोष्टी सांगितल्या नाहीत, साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, असं तुमचं म्हणणं. बसवली, १९२४ पासून, आणि त्यापुढं माझ्या बालवाडीची काय मिजास. पण त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा दिलं, हे तुम्हाला कुठून कळलं? तुम्ही काही ते डोळ्यांनी बघितलेलं नाही. लहानपणी कुणीतरी सांगितलं म्हणून कळलं, आणि मनात इतकं रुतून बसलं की आज मला ऐकवायला तुम्हाला तेच आठवलं.

'शेवटी गाभारा भरतोच, म्हणजे चांगुलपणाचं बक्षीस मिळतं असंच तुम्ही शिकवता' या मुद्द्यावर मी फार लिहीत नाही. त्या वयाचं मूल गाभाऱ्याकडं बघत नाही, वासराकडं बघतं. मोबाइल, इंग्रजी शाळा, आजकालचे पालक, हे तुमचं बाकीचं सगळं माझ्या लेखाचा विषय नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. वर्षाची चूक दाखवलीत त्याबद्दल आभार. 'उद्योग' हा शब्द मात्र तुम्ही मागं घ्यावा, असं मला वाटतं. त्या उद्योगात माझ्या आजीची उमर गेली.