होय की नाही, एवढंच विचारतात

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

सकाळी मामेभावासोबत जळगावला गेलो होतो, सिक्युरिटी गार्डच्या नोकरीसाठी. फॉर्ममध्ये एक रकाना, कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवलं आहे काय, होय / नाही. भाऊ पेन टेकवून तसाच बसला आणि मग 'होय'वर टिक केली. टेबलावरचा माणूस म्हणे अहो पोलिसांचा दाखला तर क्लीन आहे तुमचा, मग हे काय? भाऊ म्हणे, आर्मीत समरी कोर्ट मार्शल (युनिटमध्येच चालणारं फौजी कोर्ट) झालं होतं साहेब. बस, कोर्ट मार्शल ऐकलं आणि त्याने फाईल बाजूला सारली. "कळवतो."

दरोडा टाकला होता का रे याने?

२०१३ ला वीस दिवसांच्या सुट्टीवर आला आणि मामीला लकवा मारला. मामा आधीच गेलेले, घरात दुसरं कोणी नाही. हा तिला उचलून न्हाणीत न्यायचा, कळण्याची भाकरी दुधात कुस्करून चारायचा, असं करता करता सुट्टीवर ४७ दिवस चढले. युनिटचं पत्र पोलीस ठाण्यात आलं, हवालदार मोटरसायकलवर गावात आला आणि पारावर घर विचारलं. म्हणजे गावभर झालं. हा आपल्या पायाने परत गेला. समरीत सीओच (युनिटचा कमांडिंग ऑफिसर) कोर्ट, दुसरे दोघं बसतात पण निकाल सीओचाच. दोन महिने कैद आणि डिसमिस. नऊ वर्षांची नोकरी गेली.

हो, शिस्त पाहिजे, जो तो घरी बसला तर बॉर्डरवर कोण उभं राहील, मान्य. एक अर्ज टाकून सुट्टी वाढवून मागायला हवी होती, तेही मान्य. आर्मी ॲक्टच्या कलम ३९ मध्ये सुट्टीवरून उशिरा आल्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे, त्यामानाने कमीच झालं म्हणा.

पण फौजी मित्रांना विचारा, याच चुकीला सीओ कलम ८० खाली पेशीत, म्हणजे आपल्यासमोर उभं करून, २८ दिवस कैद देऊन मोकळा होऊ शकतो. रेड इंक एन्ट्री, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डवर लाल शेरा पडतो, पण ते कोर्ट नाही, कन्व्हिक्शन नाही. तो माणूस बिनधास्त 'नाही' लिहितो. चूक एकच, फक्त साहेबाने कुठलं कलम उचललं त्याच्यावर आयुष्यभराचा रकाना! आणि ज्याने फौजेत चोरी केली, किंवा ज्याच्यावर कलम ६९ खाली सिव्हिल गुन्हा (बाहेरच्या कायद्यातला फौजदारी गुन्हा) लागला, तो पण याच 'होय'मध्ये. त्याचं राहू द्या रेकॉर्डवर, मला काही वाटत नाही. पण आईला भाकरी चारणारा पण तिथेच?

मी चिडून म्हटलं, अरे ठाण्यात तुझी केस नाही, गावातल्या कोर्टात नाही, कोणाला कळणार होतं? माझ्याकडे बघून म्हणे, "खोटं कसाले लिखू भो?" मला शरमच वाटली. आणि खरं सांगायचं तर तोच बरोबर होता. सरकारी नोकरीत माहिती लपवायची आणि मग ती सापडायची, तर नोकरी जाऊ शकते, सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे. त्यात असंही आहे की खरं सांगितलं तरी नोकरी द्यायलाच पाहिजे असं नाही, पण किरकोळ बाब असेल तर सोडून देता येते. 'येते' म्हणे. इथे तर त्या माणसाने काय झालं होतं एवढं पण विचारलं नाही, पुढचं पान उलटलं असतं तर नोकरीतून काढल्याचा कागद होता त्यात.

मुंबईला आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलचं (फौजींच्या केसेस ऐकणारं न्यायाधिकरण) बेंच आहे, तिथे दाद मागता आली असती. तेव्हा याला कोणी सांगितलं नाही, मी पण कपाशीच्या धावपळीत होतो. हे माझ्याकडून झालं, बोलत नाही जास्त.

येताना बसमध्ये एक शब्द बोलला नाही तो. पारोळ्याला उतरून मामीसाठी पाव घेतले, तिला आता भाकरी चावत नाही.

परवा भुसावळला दुसरा फॉर्म आहे. या केसेस बघणारा कोणी वकील ओळखीचा असेल तर मला मेसेज करा. आणि मामीच्या घरी हे कोणी बोलू नका, तिला वाटतं पोरगा स्वतःहून नोकरी सोडून आला.