काका, आधी ते डबे बाल्कनीतून हलवा

कोथरूडच्या आमच्या काकांनी परवा पाच-पाच लिटर पेट्रोलचे दोन डबे घरी आणले. कारण व्हॉट्सअॅपवरचा तो मेसेज: ‘देशातलं निम्मं पेट्रोल सैन्याला लागतं. युद्ध पेटलं की पंप कोरडे. आजच साठा करा. अमेरिकेचं सैन्य तर जगातलं निम्मं तेल पितं!’ तोच मेसेज मला चार ग्रुपांवरून आलाय.

अहो, सैन्य पेट्रोलवर चालतं हे सांगितलं कोणी? रणगाडे आणि ट्रक डिझेलवर चालतात, लढाऊ विमानं विमानाच्या इंधनावर. ते इंधन 2023-24 मध्ये प्रवासी विमानांसकट साधारण 82 लाख टन खपलं. देशात एकूण पेट्रोलियम पदार्थ खपले 23 कोटी टनांवर. म्हणजे चार टक्केसुद्धा नाही. मग पेट्रोल जातं कुठे? पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या कक्षाने पंपांवर पाहणी करून घेतली होती. अहवाल 2014 चा, जुना आहे, मान्य. पण त्यात पंपावरच्या पेट्रोलपैकी 61 टक्के एकट्या दुचाक्यांत जात होतं. पुण्यात राहून हे कळायला अहवाल लागावा? संध्याकाळी कर्वे रोडला उभं राहा, दिसेल.

अमेरिकेबद्दल अर्धं खरं आहे. एकच संस्था धरली तर त्यांचं संरक्षण खातं जगात सर्वात जास्त तेल पितं. 2017 मध्ये सुमारे साडेआठ कोटी बॅरल. पण जग तेवढं एका दिवसात संपवतं, वर उरलेल्या वेळात आणखी मागतं! त्यांचा एब्रम्स रणगाडा किलोमीटरला चार लिटर खातो, तेही खरं. पण तो कोथरूडच्या पंपावर भरायला येत नाही.

‘पंप कोरडे’ म्हणे. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरला जमिनीखाली 53 लाख टन कच्चं तेल साठवण्याची सोय उगाच केलीय का?

आता ते डबे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. थंडीतही पेटायला एक ठिणगी पुरते. बाल्कनीच्या दाराशी देवघर, तिथे काकूंचं निरांजन रोज दोनदा लागतं. मला युद्धापेक्षा त्याचीच धास्ती.

एक डबा काल माझ्या गाडीत रिता केला. दुसरा काका सोडेनात. म्हणतात, “तू मेसेज शेवटपर्यंत वाचलाच नाहीस.”