‘हार्ट ब्लॉक’ काढ्याने सुटत नाही

कराडला राहणाऱ्या माझ्या आत्याच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पेसमेकर बसवण्याआधी दहा वेळा विचार करा’ असा एक संदेश आला आणि तो वाचून, पेसमेकर, म्हणजे हृदयाला ठोक्याचा संकेत देणारे यंत्र, बसवण्याची दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेली शस्त्रक्रिया नाकारून, स्वतःच्या जबाबदारीवर सही करून ती रुग्णालयातून घरी निघून आली. संदेशात पाच दावे आहेत: हृदयातला ब्लॉक काढ्याने विरघळतो, तेव्हा यंत्राची गरजच नाही, यंत्रामुळे हृदय आळशी होते आणि माणूस पाच वर्षांच्या वर जगत नाही, ते छातीत सतत विजेचे झटके देते, मोबाईल, मिक्सर आणि एमआरआय यांनी ते बंद पडते, आणि मरणाच्या वेळी ते प्राण जाऊ देत नाही. शेवटी ‘किमान दहा जणांना पाठवा’ अशी आज्ञा आहे. मंडळातल्या कोणीतरी ती निष्ठेने पाळली.

यातला पहिला दावा जिवावर बेतणारा आहे आणि तो निव्वळ एका शब्दाच्या घोटाळ्यावर उभा आहे. ‘ब्लॉकेज’ म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत साचलेली चरबी, जिच्यासाठी अँजिओप्लास्टी करतात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. आत्याच्या इसीजीवर लिहिलेला ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’ हा मात्र वेगळाच आजार आहे. त्यात अडलेली असते ती रक्ताची नव्हे, विजेची वाट. उजव्या वरच्या कप्प्यातील सायनस नोड या पेशींच्या पुंजक्यातून प्रत्येक ठोक्याचा संकेत निघतो, वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या एव्ही नोडमधून खाली उतरतो आणि मग खालचे कप्पे आकुंचन पावतात. वयोमानाने ही वाट झिजून तिच्या जागी तंतुमय ऊती आल्या की संकेत मध्येच थांबतो; वरचे कप्पे आपल्या गतीने धडधडत राहतात आणि खालचे कप्पे, वरून काहीच निरोप न आल्यामुळे, स्वतःच्या बळावर मिनिटाला कसेबसे 30-40 ठोके देतात. आत्याच्या मनगटावर बोटे ठेवून, घड्याळाकडे पाहत मी पूर्ण एक मिनिट मोजले: 34. ती देवघरासमोर दोनदा कोसळली होती ती यामुळेच. मेंदूला काही सेकंद रक्त मिळाले नाही की शुद्ध हरपते, आणि ते सेकंद लांबले तर माणूस पुन्हा उठत नाही.

मी नाडी मोजत होते तेव्हा गॅसवर अर्जुनाच्या सालीचा काढा उकळत होता. आयुर्वेद अर्जुनाला हृदयाला हितकर मानतो आणि माझे भांडण त्याच्याशी नाही. पण झिजलेली विद्युतवाट त्याने पुन्हा जोडली जाते याला कसलाही पुरावा नाही, आणि चरबी विरघळण्याचा तर प्रश्नच येत नाही, कारण हा आजार चरबीचा नाहीच. एवढे मात्र मान्य करायला हवे की रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकरसारख्या काही गोळ्यांनीही ठोके असेच मंदावू शकतात आणि त्या थांबवल्यावर कधीकधी यंत्राशिवाय भागते. डॉक्टर ही शक्यता आधी तपासतात. आत्याला तशी एकही गोळी चालू नव्हती.

‘आळशी हृदय’ आणि ‘पाच वर्षे’ यांना एकच उत्तर पुरेसे आहे. शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमध्ये 43 वर्षांच्या आर्ने लार्सन यांना बसवला गेला. त्यांना दिवसातून अनेकदा भोवळ येत असे आणि त्यांच्या पत्नीने अक्षरशः पिच्छा पुरवून शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांना तयार केले होते. बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून ओतलेले ते पहिले यंत्र काही तासच चालले. लार्सन मात्र पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलत, एल्मक्विस्ट (1996) आणि सेनिंग (2000) या दोघांच्याही मागे राहून, 2001 साली 86 व्या वर्षी कर्करोगाने वारले. बॅटरी संपते हे खरे, पण ती साधारण आठ ते बारा वर्षांनी. तेव्हा यंत्र बदलतात, त्यातून हृदयापर्यंत गेलेल्या तारा बहुधा त्याच राहतात. शिवाय आजचा पेसमेकर हृदयाचा स्वतःचा ठोका आला की गप्प बसतो.

झटक्यांच्या दाव्यात दोन यंत्रांची गल्लत आहे. पेसमेकरचा संकेत काही व्होल्टचा, मिलिसेकंदाहून कमी काळाचा असतो आणि तो रुग्णाला सहसा जाणवतही नाही. झटका देते ते आयसीडी हे वेगळे यंत्र, जे 1980 पासून माणसांत बसवले जाऊ लागले. खालच्या कप्प्यांची लय जीवघेणी वेगवान झाली की ते अनेकदा आधी जलद संकेत देऊन, वेदनेशिवाय ती ताळ्यावर आणू पाहते आणि ते साधले नाही तर 30-40 जूलपर्यंतचा झटका देते. तो दुखतो, आणि तार खराब झाल्यास किंवा वरच्या कप्प्यांच्या गोंधळाला यंत्र फसल्यास कधीकधी विनाकारणही बसतो, हे नाकारता येणार नाही. पण आत्याला आयसीडी सुचवलेच नव्हते.

मिक्सर खुशाल लावावा. इंडक्शन शेगडीपासून सुमारे 60 सेंटीमीटर आणि मोबाईलपासून 15 सेंटीमीटर अंतर ठेवावे, म्हणजे फोन सदऱ्याच्या यंत्राकडच्या खिशात ठेवू नये. कारण काही फोनमधील चुंबक जवळ असेपर्यंत आयसीडीची झटक्याची सोय स्थगित करू शकतो. एमआरआयबाबत 2017 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये जुन्या, एमआरआयसाठी न बनवलेल्या यंत्रांसह केलेल्या 1,500 तपासण्यांचा अभ्यास आला. तपासणीदरम्यान एकही मृत्यू झाला नाही आणि एकही तार निकामी झाली नाही. एक आयसीडी मात्र बदलावा लागला, कारण तपासणीपूर्वी त्याचे सेटिंग नीट केलेले नव्हते.

राहिला प्राण अडकण्याचा दावा. पेसमेकर फक्त संकेत देतो. प्राणवायूअभावी मेलेला स्नायू त्याला प्रतिसाद देत नाही, त्यामुळे यंत्र चालू असले तरी हृदय थांबतेच. त्या वेळी खरी काळजी घ्यायची ती वेगळीच आहे आणि संदेशात तिचा उल्लेख नाही: दहनात लिथियमची बॅटरी फुटते, म्हणून यंत्र आधी काढून घ्यावे लागते. ब्रिटनमधील दाहिन्यांच्या 2002 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे निम्म्या ठिकाणी असे स्फोट अनुभवल्याचे नोंदलेले आहे.

आठ दिवस वाया घालवून आत्या परत रुग्णालयात गेली. आता नाडी 60 च्या खाली जात नाही. दहनाची गोष्ट मी तिला भीतभीतच सांगितली. तिने शांतपणे यंत्राचे ओळखपत्र रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आणि मुलाला म्हणाली, “हे कुठे आहे ते लक्षात ठेव रे, ऐन वेळी शोधाशोध नको.”