छडीची नाही, फोटोची धास्ती

‘आधीची पोरं भुताला, मास्तरांच्या छडीला घाबरायची, आजची कशालाच घाबरत नाहीत’ हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. खानापूर-निपाणीकडच्या पोरापोरींनाही आज धास्ती आहे ती फोटोची. इन्स्टाग्रामवरचा साधा चेहरा उचलून नग्न फोटोला चिकटवतात आणि ‘पैसे टाक, नाहीतर सगळ्यांना पाठवतो’ म्हणून धमकावतात. छडीचा वळ आईला दिसायचा, हे दिसत नाही.

पोर घाबरून चॅट पुसतं आणि पुरावाच जातो. आधी स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलची लिंक जपा, मग ब्लॉक करा. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन. १८ वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाऊन’ ही असे नग्न फोटो नेटवरून काढायला मदत करणारी ऑनलाइन सेवा आहे, त्यात फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त त्याचा सांकेतिक ठसा जातो. आणि पालकांनो, कळल्याबरोबर मोबाईल हिसकावू नका. पोरं गप्प बसतात ती याच भीतीनं.