मोनोपॉलीतला लाल ठिपका: एका फॉरवर्डची उलटतपासणी

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड वर्षातून एकदा तरी उगवतोच. यंदा तो मावसभावाने टाकला आणि खाली पुस्ती जोडली, 'मे महिन्याच्या सुट्टीत आपण व्यापार खेळायचो, त्याच्या मूळ खेळाची ही कथा.' कथा अशी: दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या छावण्यांत अडकलेल्या ब्रिटिश वैमानिकांना रेडक्रॉसच्या 'केअर' पार्सलांतून मोनोपॉलीचे डबे जायचे. सोंगटीत होकायंत्र, खोट्या नोटांच्या गड्डीत खऱ्या जर्मन नोटा, आत रेशमी नकाशा. 'फ्री पार्किंग'च्या घराच्या कोपऱ्यात बारीक लाल ठिपका असला की समजायचं, डबा आपला. उड्डाणाआधीच वैमानिकांना ही खूण सांगितलेली असायची. एकूण ३५ हजार कैदी निसटले, त्यातले एक तृतीयांश या डब्यांमुळे. आणि हे सगळं २००७ पर्यंत सरकारी गुपित होतं.

साफ थाप असती तर एका ओळीत उडवून लावली असती. पंचाईत ही की मुळाशी खरं आहे. लंडनमध्ये डिसेंबर १९३९ मध्ये एमआय-९ नावाचं गुप्त खातं निघालं, काम एकच, शत्रूच्या हद्दीत अडकलेल्या आपल्या माणसांना परत आणायला मदत करणं. त्या खात्यात ख्रिस्तोफर क्लेटन हटन नावाचा एक अवलिया होता. तरुणपणी त्याने थेट हुडिनीला, म्हणजे बेड्या-पेट्यांतून सुटून दाखवणाऱ्या नामांकित जादूगाराला, आव्हान दिलं होतं, माझ्या काकांच्या वखारीत बनवलेल्या लाकडी पेटीतून सुटून दाखव म्हणून. हुडिनी सुटला. कसा, तर त्याने पेटी बनवणाऱ्या सुतारालाच पैसे चारले होते. हटन तो धडा विसरला नाही. त्याने लीड्सच्या जॉन वॉडिंग्टन या छापखान्याला गाठलं. वॉडिंग्टनकडे १९३५ पासून ब्रिटनमध्ये मोनोपॉली छापायचा परवाना होता, आणि कापडावर छपाईचा हातही बसलेला होता.

इथवर फॉरवर्ड बरोबर. पुढे मात्र त्याला पाय फुटतात.

पहिली गोष्ट, 'केअर पार्सलं'. केअर ही अमेरिकन मदतसंस्था नोव्हेंबर १९४५ मध्ये स्थापन झाली, तोवर युरोपातल्या छावण्या रिकाम्या झाल्या होत्या. ही चूक लहान आहे, सोडून द्यावी. पण रेडक्रॉसचं नाव घेतलं जातं ते सोडून देण्यासारखं नाही. रेडक्रॉसच्या पार्सलांत एमआय-९ ने जाणूनबुजून काहीही लपवलं नाही. त्या खोक्यांत दूध पावडर, डबाबंद मांस, चहा, साबण असायचा, आणि छावणीतल्या तुटपुंज्या शिध्यावर दिवस काढणाऱ्या माणसाला तोच आधार होता. एका खोक्यात जरी कानस सापडली असती तरी जर्मनांनी सगळ्यांचीच पार्सलं बंद केली असती. म्हणून हटनच्या मंडळींनी बनावट संस्था उभ्या केल्या, 'प्रिझनर्स लेझर अवर्स फंड', 'लायसन्स्ड व्हिक्चुअलर्स स्पोर्ट्स असोसिएशन' अशी भारदस्त नावं देऊन. कैद्यांची करमणूक व्हावी म्हणून झटणाऱ्या, प्रत्यक्षात कुठेच नसलेल्या संस्था. खेळांचे डबे जायचे ते यांच्या नावाने. म्हणजे ज्या एका गोष्टीला त्या लोकांनी कटाक्षाने हात लावला नाही, तीच फॉरवर्ड त्यांच्या माथी मारतो.

आता सोंगटी. व्यापार खेळलेल्या माणसाला सोंगट्या आणि नोटाच आठवतात, त्यामुळे कथेत सगळा ऐवज तिथेच जाऊन बसला. पण युद्धकाळात वॉडिंग्टनने काढलेला मोनोपॉलीचा डबा उघडून पाहिला तर दुष्काळ दिसतो. धातू सगळा तोफा-विमानांकडे गेलेला. नेहमीच्या धातूच्या सोंगट्यांच्या जागी पुठ्ठ्याच्या आल्या. फासेही मिळेनात, म्हणून आकड्यांची चकती आणि तिच्यावर फिरणारा काटा. अशा डब्यात धातूची एक जाडजूड, पोकळ सोंगटी घालून पाठवली असती तर तपासणाऱ्या शिपायाने आधी तीच उचलली असती. होकायंत्रं गेली, हजारोंनी गेली, पण मुख्यतः गणवेशाच्या बटणांत आणि कॉलरच्या खुंट्यांत. जर्मनांना बटणं फिरवून उघडायची सवय लागली तेव्हा हटनने आटे उलटे पाडून घेतले. उघडायला म्हणून फिरवावं तर बटण आणखी घट्ट बसायचं. एवढं डोकं चालवणारा माणूस होकायंत्र सोंगटीत ठेवील का, हे तुम्हीच ठरवा.

मग माल कुठे असायचा? पटात. मोनोपॉलीचा पट म्हणजे जाड पुठ्ठा आणि वर डकवलेला छापील कागद. ज्यांनी वहीची बांधणी हाताने केलेली पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पुठ्ठ्यात उथळ खाच कोरायची, तीत घडी केलेला नकाशा आणि बारीकसारीक हत्यारं बसवायची, आणि वरचा छापील कागद असा चिकटवायचा की बोट फिरवलं तरी फुगवटा लागू नये. सगळी करामत ती खाच आणि तो सरस यांची. खऱ्या नोटा खेळाच्या नोटांत मिसळल्या असत्या तर पहिल्याच झडतीत गड्डी मोजताना हाताला लागल्या असत्या. छापखान्यातल्या त्या कामगारांची नावं कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतात, सोंगटीतलं होकायंत्र मात्र असतं.

नकाशांचंही असंच. रेशमावर छपाई करताना शाई फुटायची. हटनच्या सांगण्याप्रमाणे तोडगा निघाला तो पेक्टिनचा, म्हणजे जॅम घट्ट करायला वापरतात त्याचा. ते शाईत मिसळल्यावर रेघा जागेवर राहिल्या. नकाशे मूळचे एडिंबरोच्या बार्थोलोम्यू कंपनीचे, तिने युद्धकार्यासाठी फुकट वापरू दिले. पण रेशीम पॅराशूटलाही लागायचं. त्यामुळे पुढे रेयॉन, म्हणजे कृत्रिम रेशीम, आलं, आणि तुतीच्या लगद्याचा पातळ कागदही, जो चुरगाळला तरी आवाज करत नाही. त्यातही वॉडिंग्टनने छापलेल्या नकाशांतले बरेचसे कुठल्याही खेळात गेलेच नाहीत. ते वैमानिकांना उड्डाणाआधी हातात दिले जायचे, खिशात किंवा कपड्याच्या अस्तरात ठेवायला. विमान पडलं तर कैद होण्याआधीच उपयोगी पडावेत म्हणून.

आता लाल ठिपका. मूळ गोष्ट त्याहून सरस आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. मार्च १९४१ मध्ये हटनने वॉडिंग्टनच्या नॉर्मन वॉटसनला लिहिलेल्या पत्रात डबे ओळखायच्या खुणा आहेत. हा पत्रव्यवहार आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. खूण ठिपक्याची नव्हे, पूर्णविरामाची. पटावर 'मेफेअर' या घराच्या नावापुढे पूर्णविराम असला तर आत नॉर्वे, स्वीडन आणि जर्मनीचे नकाशे. 'मॅरिलबोन स्टेशन'च्या पुढे असला तर इटलीचा. 'फ्री पार्किंग'च्या पुढे असला तर उत्तर फ्रान्स, जर्मनी आणि तिच्या सरहद्दी. आणि ज्या पटात काहीच लपवलेलं नाही त्याच्यावर 'पेटंट अप्लाइड फॉर' या ओळीनंतर पूर्णविराम.

म्हणजे एकच जादूचा ठिपका नव्हताच. प्रत्येक पूर्णविरामाचा मुलूख वेगळा. इटलीतल्या छावणीला नॉर्वेचा नकाशा जाऊन उपयोग काय? डबे भरणाऱ्याला कुठला डबा कुठे धाडायचा हे कळावं, यासाठी ही सोय. आपल्याकडे किराणा दुकानदार डाळीच्या पोत्यावर खडूने खूण करतो, तशीच. एखाद्या मुद्रितशोधकाने 'इथे पूर्णविराम कशाला?' म्हणून तो काढून टाकला असता तर काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात येतो, पण तो माझा चाळा.

उड्डाणाआधी प्रत्येक वैमानिकाला खूण सांगायचे, हेही पचत नाही. हजारो माणसांना ठाऊक असलेली खूण एका चौकशीत जर्मनांपर्यंत पोचली असती. छावण्यांमध्ये कैद्यांच्या पलायन समित्या असायच्या, आणि लंडनशी त्यांचा संपर्क घरच्या साध्या पत्रांत लपवलेल्या सांकेतिक मजकुरातून चालायचा. कुठलं पार्सल येतंय, ते कुणी आधी ताब्यात घ्यायचं, हे ठरवायचं काम मोजक्या लोकांचं. बाकीच्यांना डबा म्हणजे डबाच.

आकड्याबद्दल मात्र मला राग येतो. ३५ हजार हा आकडा हवेतून आलेला नाही, एमआय-९ च्या हिशेबात तो आहे. पण त्यात दोन प्रकारची माणसं एकत्र आहेत. एक, कैदेतून पळालेली. दुसरी, कधी कैद न झालेली, शत्रूच्या हद्दीत उतरून लपतछपत परतलेली. या दुसऱ्या लोकांनी मोनोपॉलीचा डबा पाहिलाच नाही. त्यांना बेल्जियम-फ्रान्समधल्या घराघरांतून लोकांनी पुढे सरकवलं. ब्रसेल्सच्या आन्द्रे द योंग या चोवीस वर्षांच्या मुलीने १९४१ मध्ये उभी केलेली 'कॉमेट' वाट त्यातली एक. ती स्वतः माणसं घेऊन फ्रान्स-स्पेनमधला पिरेनीज पर्वत ओलांडायची, १९४३ च्या जानेवारीत पकडली गेली आणि छळछावणीत गेली. ती सुटली, तिचे कितीतरी साथीदार सुटले नाहीत.

पहिल्या प्रकारातल्याही पुष्कळांचं श्रेय पटाला देता येत नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली तेव्हा तिथे दोस्तांचे सुमारे ८० हजार कैदी होते. कित्येक छावण्यांचे पहारेकरी निघून गेले, फाटकं उघडी राहिली आणि हजारो कैदी चालत बाहेर पडले. इथे आपला थेट संबंध येतो. जून १९४२ मध्ये लिबियातलं टोब्रुक पडलं तेव्हा शहरात अडकलेल्या अकराव्या भारतीय ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. उत्तर आफ्रिकेत पकडलेले भारतीय सैनिक पुढे इटलीच्या आणि नंतर जर्मनांच्या छावण्यांत गेले. फ्रान्समधल्या एपिनाल इथे अशी भारतीय कैद्यांची छावणी होती. ११ मे १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी तिथे बॉम्ब टाकले, भिंती पडल्या, आणि जे निसटले त्यातले सुमारे ५०० जण डोंगर तुडवत, गावकऱ्यांच्या मदतीने स्वित्झर्लंडला पोचले. त्यांच्यापाशी ना मेफेअर ना मॅरिलबोन. त्यांच्यावर कुणी फॉरवर्ड लिहिलेला मला तरी आलेला नाही.

एक तृतीयांश म्हणजे बारा हजारांच्या आसपास. तेवढी माणसं एका खेळाच्या जोरावर निसटली असती तर छावण्या ओस पडल्या असत्या. तेव्हा जर्मनीत असलेल्या सगान इथल्या छावणीतून मार्च १९४४ मध्ये झालेलं पलायन घ्या. अनेक महिने खणलेला बोगदा, शिवलेले कपडे, हाताने बनवलेले नकाशे आणि कागदपत्रं, इतक्या तयारीने ७६ जण बाहेर पडले. त्यातले ७३ पुन्हा पकडले गेले, ५० जणांना गोळ्या घातल्या. घरी पोचले तिघे. नकाशा हातात असणं ही सुरुवात होती, पुढची शेकडो मैलं तशीच राहायची.

२००७ च्या गुपिताचं काय? क्लेटन हटनने आपल्या कामाच्या आठवणी १९६० च्या सुमारासच पुस्तकरूपाने छापल्या होत्या, सरकारी खात्याशी बरीच वादावादी करून. एमआय-९ चा तपशीलवार इतिहास १९७९ मध्ये आला. आणि ज्या कंपनीचा २००७ मध्ये जाहीर सत्कार झाला म्हणतात, तिचा खेळांचा व्यवसाय १९९४ मध्येच हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी-कंपनीने विकत घेतला होता.

'गेट आउट ऑफ जेल फ्री' हे कार्ड युद्धामुळे आलं असंही काही जण जोडतात. ते युद्धाच्या आधीपासून खेळात आहे. एवढं पुरे.

हे सगळं मावसभावाला सांगायचं एक कारण होतं. फॉरवर्ड वाचून तो एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'अस्सल पलायन संच' घ्यायला निघाला होता. किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. असा एकही निर्विवाद अस्सल संच आजवर समोर आलेला नाही, हे सांगून पाहिलं, पण त्याने फोटो पाठवला: पुठ्ठ्याच्या सोंगट्या, काट्याची चकती, आणि 'फ्री पार्किंग'च्या कोपऱ्यात लाल ठिपका. सोंगट्या आणि चकती खऱ्या युद्धकाळातल्या असाव्यात. ठिपका मात्र इतका ताजा लाल होता की आजूबाजूचा पिवळा पडलेला कागद त्याच्यापुढे आजोबा वाटत होता.

"अरे, ठिपक्याकडे नको, पेटंटच्या ओळीकडे बघ," मी म्हणालो. "तिच्यापुढे पूर्णविराम आहे का ते सांग."

तो म्हणाला, फोटोत दिसत नाही, विक्रेत्याला विचारतो. विक्रेत्याने अजून उत्तर दिलेलं नाही.