पैसा कार्डात आणि बाकी वाऱ्यावर?

कमी पैशात गेमिंग कॉम्प्युटर जुळवायचा एक तयार मंत्र बरेच दिवस फिरतो आहे. कुणी नवखा विचारायला आला की तोच त्याच्या हातात ठेवतात. मंत्र साधारण असा: “सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात घाला, बाकी काहीही चालतं. कार्ड जास्त जीबीचं बघा. ऑफिसातून निघालेला जुना आय-सेव्हन प्रोसेसर घ्या, नव्या आय-थ्रीपेक्षा कधीही भारी. रॅमची १६ जीबीची एकच स्टिक घ्या, पुढे वाढवता येते. एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, ६०० वॅट लिहिलेलं असलं की झालं. वापरलेलं कार्ड घेऊ नका, क्रिप्टो माइनिंगमध्ये जळलेलं असतं. शंका असेल तर बॉटलनेक कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघा.”

सात वाक्यं आहेत. एकेक घेऊ.

“सगळा पैसा कार्डात, बाकी काहीही.” यातलं अर्धं मला मान्य आहे. गेमसाठीच्या मशीनमध्ये सगळ्यात मोठा वाटा कार्डाचा असतो आणि असावा. दिव्यांचे पंखे, काचेचं कॅबिनेट, ६५ वॅटच्या प्रोसेसरवर भलामोठा कूलर, यांतला पैसा काढून कार्डात घातला तर मी टाळ्या वाजवीन. एसएसडीचंही तसंच. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलात की फरक डोळ्यांना दिसतो. पण साध्या एनव्हीएमईवरून (थेट बोर्डावर बसणाऱ्या वेगवान एसएसडीवरून) महागड्या एनव्हीएमईवर गेलात तर गेम उघडताना एखाद-दोन सेकंद वाचले तर वाचले.

घोळ आहे तो “बाकी काहीही” या दोन शब्दांत. जानेवारी २०२२मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड उदाहरणाला घ्या. मेमरी ४ जीबी, बस (चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता) ६४ बिटांची, आणि बोर्डाशी बोलायला पीसीआयई या जोडणीच्या चारच लेन. बसतं सोळा लेनच्या स्लॉटमध्ये, दिसतंही इतर कार्डांसारखंच, पण आत रस्ते चार. पीसीआयईची आवृत्ती ४.० असेल तर त्या चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा जातो, ३.० असेल तर ४ जीबी. गेमचे टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) ४ जीबीत मावेनासे झाले की उरलेलं सगळं सिस्टिम रॅममधून याच रस्त्याने ओढावं लागतं. म्हणजे ३.०वाल्या बी४५० किंवा ए५२० बोर्डवर हे कार्ड लावलं की ऐन गरजेच्या वेळी रस्ता निम्मा. बरं, बोर्ड बी५५० घेतला म्हणून सुटलात असंही नाही. त्यावर रायझेन ५ ५५०० बसवला तर पुन्हा ३.०च, कारण तो प्रोसेसरच ४.० बोलत नाही. ५६०० बोलतो. नावात शंभराचा फरक, पण ५५००ची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आणि ५६००ची ३२. हा फरक “बाकी काहीही”त गेला.

दुसरं उदाहरण तर मंत्राला अधिकच अडचणीचं, कारण ते चांगल्या कार्डाचं आहे. डिसेंबर २०२४मध्ये इंटेलचं आर्क बी५८० आलं. स्वस्तातल्या वर्गात १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटांची बस, म्हणजे या पंगतीत सहसा कुणी वाढत नाही इतकं. पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असलेला बोर्ड लागतोच, आणि त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला बराच राबवतो. २०२५च्या सुरुवातीच्या चाचण्यांत रायझेन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर ते चांगलंच घसरलं, ५६००वरसुद्धा काही गेममध्ये मार खाल्ला. मंत्र ऐकून सगळा पैसा या कार्डात घातलेल्याकडे उरतो तो नेमका तसलाच जुना प्रोसेसर.

“कार्ड जास्त जीबीचं बघा.” जीटी १०३० नावाची दोन कार्डं आहेत. दोन्ही २ जीबीची. एकात जीडीडीआर५, ते २०१७चं, मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी. दुसऱ्यात डीडीआर४, ते २०१८चं, वेग जेमतेम १७ जीबी. खोक्यावरचं नाव तेच, जीबी तेवढेच. गोदाम तेवढंच ठेवून दरवाजा चिंचोळा करून टाकला. जीटीएक्स १०६०च्या ३ आणि ६ जीबीच्या कार्डांतही फरक फक्त मेमरीचा नव्हता, कोर (चिपमधले काम करणारे भाग) ११५२ आणि १२८० असे वेगळे होते. आरटीएक्स ३०५०चं २०२४मध्ये आलेलं ६ जीबीचं रूपही ८ जीबीवाल्याचं नुसतं लहान भावंड नाही. त्याचे कोरही कमी आणि बसही अरुंद. तेव्हा आधी चिप कोणती ते विचारायचं, मग बस किती बिटांची, आणि मग जीबी. चिप तीच असेल, जसं आरटीएक्स ४०६० टीआयच्या ८ आणि १६ जीबीच्या कार्डांत आहे, तिथे मात्र जीबीचा हिशोब खरा.

आता आय-सेव्हन. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या वाक्यापायी माझ्या भाच्याने महिनाभर हात चोळले.

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इंटेलच्या त्या-त्या वर्षाच्या पंगतीतली जागा आहे, कायमची पदवी नाही. २०११चा कोअर आय७-२६०० चार कोर आणि आठ थ्रेडचा, म्हणजे एका वेळी आठ कामं हाती घेणारा. २०२२चा कोअर आय३-१२१०० सुद्धा चार कोर आणि आठ थ्रेडचाच. मधे अकरा वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात एकेक कोर कितीतरी जास्त काम उरकायला शिकला. २६००ला एव्हीएक्स२ हा प्रोसेसरला द्यायच्या आज्ञांचा संचच येत नाही. तो इंटेलने २०१३मध्ये चौथ्या पिढीत आणला. विंडोज ११ची अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११वर व्हॅलोरंट हा गेम खेळायचा तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात. हे सगळं नसलेला आय-सेव्हन भारी कशात, तर स्टिकर चमकतो त्यात.

पण खरी गंमत प्रोसेसरमध्ये नव्हतीच. भाच्याने ऑफिसातून निघालेला टॉवर घेतला, उरलेल्या पैशात पॉवरची ८ पिनची वायर लागणारं कार्ड घेतलं आणि मला फोन केला, “मामा, कार्ड बसतंय, पण त्याला लावायची वायरच सापडत नाही.” मी गेलो, बाजूचा पत्रा काढला. आत लांबट, अरुंद पॉवर सप्लाय, २४० वॅटचा. बोर्डाकडे जाणारा कनेक्टर नेहमीचा २४ पिनचा नाही, कंपनीचा स्वतःचा. कार्डासाठी ६ पिन नाही, ८ पिन नाही. म्हणजे नेहमीचा सप्लाय आणून लावू म्हटलं तर तोही सरळ लागणार नाही. हे एकाच कंपनीचं दुखणं नाही, पुष्कळ ऑफिसच्या डब्यांत हेच असतं.

त्याने तोवर एक जुगाड मागवून ठेवला होता: साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) पॉवर वायरवरून ८ पिन काढून देणारा अडॅप्टर. तो मी खिशातच घातला. साटा कनेक्टरमधल्या १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ८ पिनमधून कार्ड १५० वॅट मागू शकतं. चोपन्नच्या वायरीतून दीडशे ओढले की प्लास्टिक मऊ होतं, आणि पुढचं सांगायला नको.

शेवटी ते कार्ड विकलं आणि ७० वॅटचं ६ जीबीवालं आरटीएक्स ३०५० घेतलं. पीसीआयई स्लॉट स्वतः ७५ वॅट देतो, त्यामुळे त्याच्या पुष्कळ मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. ऑफिसचा टॉवर घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह आणि असं बिनवायरीचं कार्ड ही प्रामाणिक, स्वस्त जोडी आहे. फक्त डबा आधी उघडून बघायचा, आणि बारका डबा असेल तर अर्ध्या उंचीचंच कार्ड मावतं हे लक्षात ठेवायचं.

“१६ जीबीची एकच स्टिक.” डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन लावल्या की ५१.२. प्रोसेसर तोच, जीबी तेवढेच, रस्ता दुप्पट. सरासरी फ्रेममध्ये (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या आकड्यात) हे कधी फारसं दिसत नाही, पण गर्दीच्या दृश्यात गेम मधेच अडखळतो तेव्हा जाणवतं. आणि वेगळं कार्डच नसेल, रायझेन ५ ५६००जी सारख्या चिपमधल्या ग्राफिक्सवर खेळायचं असेल, तर एक स्टिक म्हणजे पायात पाय घालून धावणं, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरीच नाही. डीडीआर५च्या एका स्टिकमध्ये दोन चॅनेल असतात म्हणून एक पुरते, असंही सांगतात. ते ३२-३२ बिटांचे उपचॅनेल आहेत. बेरीज तीच ६४.

तेव्हा ८-८च्या दोन. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात. आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम २४०० किंवा २६६६वर मुकाट चालत राहते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. एक मात्र मान्य करतो: २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जे चढले त्यानंतर आत्ता एक स्टिक, पुढे दुसरी, ही काहींची खरीच नड आहे. नड म्हणून करा, पण तिला शहाणपण म्हणू नका.

“६०० वॅट लिहिलेलं असलं की झालं.” एसएमपीएस उलटा करा आणि बाजूचा तक्ता वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती? २५ असतील तर २५ गुणिले १२, म्हणजे ३०० वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही याच १२ व्होल्टवर जगतात. बाकीचे ३०० कुठे गेले ते लिहिणाऱ्याला विचारा. उलट बाजूने बघा: आरएक्स ६६०० लागतं १३२ वॅट, आरटीएक्स ४०६० ११५, प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला. थोडी मोकळीक धरली तरी चांगल्या ४५० वॅटच्या सप्लायला घाम फुटत नाही.

८० प्लसचा शिक्का बघा म्हणतात, जरूर बघा, पण तो शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षेचा नाही. गीगाबाइटच्या पी७५०जीएम आणि पी८५०जीएम या सप्लायवर गोल्डचा शिक्का होता. तरी चाचण्यांत ते फुटल्यावर ऑगस्ट २०२१मध्ये कंपनीने जास्त लोडला बंद पडण्याची मर्यादा खाली आणली आणि ठरावीक सीरियलचे सप्लाय बदलून द्यायची तयारी दाखवली. नेमक्या मॉडेलची चाचणी वाचावी आणि वॉरंटीची वर्षं बघावी.

“माइनिंगचं कार्ड जळलेलं असतं.” इथे मंत्र उगाच घाबरवतो. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमचं माइनिंग, म्हणजे कार्डं दिवसरात्र चालवून ते डिजिटल चलन मिळवणं, बंद पडलं आणि कार्डांचे ढीग बाजारात आले. ती बहुतेक पॉवर कमी करून एकाच लोडवर चाललेली असतात. चिपला त्याचं फार काही वाटत नाही. झिजतात ते पंखे, थर्मल पॅड आणि पेस्ट. अर्धा तास गेम चालवून मेमरीचं तापमान बघा, पंख्याला कान लावा. माइनिंगपेक्षा भीती खोट्या कार्डांची बाळगा: जुनी जीटीएक्स ५५० टीआय कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस, बदलून १०५० टीआय म्हणून विकली गेली आहेत. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर ओळखीचं खोटं कार्ड दिसलं की नावापुढे तसं लिहूनच टाकतं.

राहिला बॉटलनेक कॅल्क्युलेटर, म्हणजे कुठला भाग बाकीच्यांना अडवतो ते सांगणारी वेबसाइट. प्रोसेसर आणि कार्ड अशी दोन नावं टाकायची आणि तो टक्के सांगतो. कुठल्या गेममध्ये? कुठल्या सेटिंगवर? तेच मशीन एका गेममध्ये कार्डामुळे अडतं आणि दुसऱ्यात प्रोसेसरमुळे, मग एक टक्का कशाचा? खरी परीक्षा फुकट आहे. गेममध्ये रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम वाढल्या तर अडत होतं कार्ड. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर, किंवा फ्रेमवर कुठेतरी लावलेली मर्यादा.

मागे एका मित्राला कॅल्क्युलेटरने अकरा टक्के बॉटलनेक सांगितला होता. नवं कार्ड, १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा नवा मॉनिटर, आणि तरी “काही फरकच वाटत नाही” म्हणून तो प्रोसेसर विकायला निघाला होता. मी कोपऱ्यातला आकडा बघितला, गेम १३० फ्रेम दाखवत होता. मग डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ. मॉनिटर आणल्या दिवसापासून तसाच.